पांढरा रंग कमी लागला



जानेवारी उजाडला की घरोघरी हिशेब निघतात. वाण्याची उधारी किती राहिली, भिशीचा नंबर कधी लागणार, पोरांच्या फीचे काय, हे सगळे वहीत मांडले जाते. आमच्या घरात यंदा आणखी एक वही उघडली. ती रंगांची आहे. वर्षभरात कुठला रंग किती आणला आणि किती उरला, हे आम्ही तिच्यात लिहून ठेवले होते. परवा ती वाचताना एक गोष्ट ध्यानात आली आणि आम्ही जरा वेळ तसेच बसून राहिलो. पांढऱ्या रंगाच्या ट्यूबा वर्षाच्या सुरुवातीला महिन्याला तीन-तीन लागल्या होत्या. शेवटच्या तीन महिन्यांत मिळून एकच लागली. हा पांढरा रंग गेला कुठे आणि कमी का झाला, तेच आज सांगायचे आहे.

गेल्या वर्षी 3 जानेवारीला, सावित्रीमाईंच्या जयंतीच्या दिवशी, आम्ही वस्तीच्या टोकाला दहा बाय बाराची एक खोली भाड्याने घेतली. उत्तरेला एक खिडकी आहे, एवढेच तिचे वैभव. चित्रकाराला उत्तरेचा उजेड बरा, कारण त्या बाजूने थेट ऊन येत नाही आणि दिवसभर सावल्या फारशा हलत नाहीत. मुलीने दारावर खडूने ‘स्टुडिओ’ असे लिहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी एक गृहस्थ नवा शर्ट घालून, केस विंचरून दारात हजर! म्हणाले, "पासपोर्टचे आठ फोटो पाहिजेत, अर्जंट." आम्ही त्यांना चहा पाजून परत पाठवले. त्यानंतर मुलीने ‘स्टुडिओ’च्या खाली ‘इथे चित्रे काढतात’ अशी आणखी एक ओळ लिहिली.

आम्ही मूळचे बोर्ड रंगवणारे पेंटर. वयाच्या सोळाव्या वर्षी एका उस्तादांच्या हाताखाली डबे धुण्यापासून सुरुवात केली. दुकानांच्या पाट्या, गाड्यांच्या नंबर प्लेटा, शाळेच्या भिंतीवरचे नकाशे, सगळे केले. पण खरा हंगाम म्हणजे 14 एप्रिल. होळी झाली की मांजरपाटाचे तागे यायचे. कापड चौकटीवर ताणायचे, सरस आणि खडूच्या भुकटीचा हात द्यायचा, वाळले की चौकटी पाडून लहान फोटोवरून दहा-दहा फुटांचे बाबासाहेब उभे करायचे. रात्री झोप नसायची, आणि तिचे दुःखही नसायचे. मिरवणुकीत आपण रंगवलेला पडदा पुढे चालला आहे, हे बघताना पेंटरचे पोट भरते.

2000 सालानंतर फ्लेक्स आला. जे काम आम्ही आठ दिवसांत करायचो ते मशीन तासाभरात करू लागले, आणि तेही स्वस्तात. त्यात कुणाचा दोष नाही. मंडळाच्या पोरांना चार पैसे वाचवावे लागतात. आमच्यासारख्या कितीतरी पेंटरांनी डबे-ब्रश माळ्यावर टाकले. कुणी रिक्षा धरली, कुणी भाजीची गाडी लावली. आम्ही सिक्युरिटीची नोकरी केली. ती सुटली तेव्हा मुलीला नोकरी लागलेली होती. ती म्हणाली, "बाबा, आता वर्षभर तुम्ही चित्रं काढा. भाडं मी भरते. वर्षानंतर बघू."

आमच्या सहचारिणी पोळीभाजी केंद्रात पहाटेपासून पोळ्या लाटतात. त्या म्हणाल्या, "घरात हंडा ठेवायला जागा नाही आणि चित्रांना वेगळी खोली!" त्यांचे काही चुकले नव्हते. आम्हालाही रात्री झोप आली नाही. पोरीच्या पगारातून भाडे भरून चित्रे काढायची, ही मौज म्हणायची की काम? या प्रश्नाचे उत्तर वर्षभर शोधत होतो.

पहिले दोन महिने अगदी वाईट गेले. तीस वर्षे आम्ही दुसऱ्याने सांगितले तेच रंगवले. दुकानदाराने कागदावर नाव लिहून दिले की ते मोठे करायचे. फोटो दिला की त्याचा पडदा करायचा. आता समोर गिऱ्हाईक नाही, फोटो नाही, फक्त कोरा कॅनव्हास. हात चालेना. शेवटी समोर दिसेल ते काढायला बसलो. स्टोव्ह काढला, पाण्याचा पिंप काढला, दाराबाहेरच्या चपला काढल्या. चपलांचे चित्र चार वेळा खरवडले. पाचव्या वेळी त्या चपला आमच्या सहचारिणीच्या वाटू लागल्या. डावी टाच जास्त झिजलेली! इतकी वर्षे शेजारी राहून हे आम्ही कधी पाहिले नव्हते. तेव्हा उमगले की चित्रकाराचे पहिले काम बघण्याचे आहे, रंगवण्याचे नंतर.

फेब्रुवारीत वस्तीतल्या महिला मंडळाने रमाईच्या तसबिरीची ऑर्डर दिली. 27 मे हा रमाईंचा स्मृतिदिन. त्या दिवशी विहारात लावायची होती. आम्हाला वाटले, चला, हे तर आपल्या हातातले काम आहे.

आता थोडे आमच्या धंद्यातले गुपित सांगतो. उस्तादांनी आम्हाला चेहऱ्याचा रंग शिकवला होता. थोडा लाल, थोडा पिवळा आणि भरपूर पांढरा. त्याला ते ‘फेस कलर’ म्हणायचे. डबाच भरून ठेवलेला असायचा. राजा असो, पुढारी असो, तथागत असोत की बाबासाहेब असोत, सगळ्यांना त्याच डब्यातला रंग. गिऱ्हाईकही म्हणायचे, "पेंटर, जरा उजळ काढा." आम्ही उजळ काढायचो. आमचे मन तीस वर्षांत एकदाही अडखळले नाही.

रमाईचा चेहराही त्याच रंगाने भरला. दुसऱ्या दिवशी खिडकीच्या उजेडात पाहिले आणि दचकलो. समोर कॅलेंडरवरची एक गोरीपान बाई बसली होती. दाभोळजवळच्या वणंद गावातून आलेली, मुंबईच्या चाळीत संसार केलेली, बाबासाहेब परदेशी शिकत असताना शेणाच्या गोवऱ्या थापून घर चालवणारी आणि पोटची लेकरे डोळ्यांदेखत गमावणारी आमची माय ती नव्हती. मग आम्ही दुसऱ्या टोकाला गेलो. सगळा पांढरा खरवडून काढला. काळपट रंग लावला, डोळ्यांखाली खोल सावल्या टाकल्या, खांदे पाडले, लुगड्याला ठिगळ दाखवले. चित्र पुरे झाले तेव्हा आमचे आम्हालाच कौतुक वाटले. म्हटले, हे खरे चित्र!

मंडळाच्या बाया मे महिन्यात चित्र बघायला आल्या. बराच वेळ कुणी बोलेना. मग एक ताई म्हणाल्या, "पेंटरदादा, कोळशासारखी हो कशी काढली?" आम्ही त्यांना रंगभेदावर व्याख्यान द्यायला सुरुवात केली. तेवढ्यात दुसऱ्या एक मावशी, ज्या आयुष्यभर रस्ता झाडण्याचे काम करत आल्या, त्या म्हणाल्या, "काळीचं काही नाही रे बाबा, आम्ही काय गोऱ्या आहोत? पण दमलेली कशाला काढलीस? दिवसभर आम्ही दमलेल्याच असतो. विहारात येतो ती मान जरा वर करायला. तिथं पण तीच वाकलेली पाठ बघायची का?"

चित्र त्यांनी घेतले नाही. 27 मे रोजी विहारात जुना छापील फोटोच हार घालून ठेवला गेला. ॲडव्हान्स परत करायला गेलो तर त्या म्हणाल्या, "राहू द्या, पुन्हा काढा." आम्ही मात्र रागात होतो. घरी येऊन म्हटले, "लोकांना कॅलेंडरच आवडतं, त्याला आपण काय करणार?" सहचारिणी भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुम्ही रमाई काढलीत, का तिची गरिबी काढलीत?"

आम्ही चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवले. ते तसेच चार महिने राहिले.

त्या काळात आम्ही वाचले. बाबासाहेबांनी ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा आपला ग्रंथ रमाईंच्या स्मृतीला अर्पण केला आहे. त्या अर्पणपत्रिकेत त्यांनी काय आठवले? तिच्या मनाचा चांगुलपणा, तिचे शील, आणि हलाखीच्या दिवसांत आपल्याबरोबर सोसण्याची तिची तयारी. सोसणे त्यांनी लपवले नाही, पण सोसणाऱ्या बाईचे मोठेपण आधी सांगितले. झाडूवाल्या मावशी तेच सांगत होत्या. त्यांनी तो ग्रंथ वाचला नव्हता आणि आम्ही वाचून बसलो होतो, इतकाच फरक.

ऑक्टोबरात मुलीने सुट्टी काढली आणि आम्ही तिघे अजिंठ्याला गेलो. जळगावपर्यंत रेल्वे, तिथून एसटीने फर्दापूरचा फाटा, आणि पुढे लेण्यांपर्यंत नेणारी बस. जाणाऱ्यांनी सोमवार टाळावा, त्या दिवशी लेणी बंद असतात. एकूण 30 लेणी आहेत. सर्वांत जुनी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली, आणि ज्यांची चित्रे जगभर गाजली ती बरीचशी पाचव्या शतकातली. आत उजेड अगदी मंद. पहिली पाच मिनिटे काही दिसत नाही. मग डोळा सरावतो आणि भिंतीतून माणसे बाहेर येऊ लागतात.

पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात हातात कमळ घेतलेला पद्मपाणी आहे. सगळे त्याच्यासमोर थांबतात, आम्हीही थांबलो. पण त्या लेण्यात भिंतीवर सावळ्या, काळ्या वर्णाच्या स्त्रियाही आहेत. त्यांतल्या एकीला तर लोक काळी राजकन्या म्हणूनच ओळखतात. अंगावर मोत्यांचे दागिने, मस्तकावर मुकुट, डोळे झुकलेले, मान किंचित कललेली. काळी आहे, आणि तिच्याबद्दल कणव वाटावी असे त्या चित्रात काहीही नाही. तिच्याकडे बघताना आपणच जरा सरळ उभे राहतो. आसपास गोरे, गव्हाळ, तांबूस, सावळे असे सगळ्या वर्णांचे लोक एकाच भिंतीवर दाटीवाटीने बसले आहेत. दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या चित्रकारांजवळ ‘फेस कलर’चा डबा नव्हता. ज्याचा जो रंग तो त्यांनी दिला.

सतराव्या लेण्यात आणखी एक चित्र आहे. भिक्षापात्र घेतलेले तथागत दारात उभे आहेत आणि समोर यशोधरा व लहानगा राहुल. तथागत खूप मोठे काढले आहेत, मायलेक लहान. आमच्या सहचारिणी त्या चित्रासमोरून हलायला तयार नव्हत्या. बाहेर आल्यावर इतकेच म्हणाल्या, "तिनं मान वर केलीय. बघितलं का?"

हे सगळे कशाने रंगवले असेल? आधी माती, शेण, भाताचे तूस आणि तंतू कालवून दगडावर लिंपण दिले, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर रंग. पिवडी, गेरू, काजळी, हिरवी माती, चुना. आपल्या आया-आज्यांनी घरे सारवली ती याच सामानाने. फक्त निळा तेवढा दूरचा. तो अफगाणिस्तानातून येणाऱ्या मौल्यवान खड्याच्या भुकटीचा. पुढे 1820 च्या दशकात फ्रान्समध्ये तोच निळा कारखान्यात बनवण्याची युक्ती सापडली, तो स्वस्त झाला आणि पुड्यांतून कपड्यांच्या निळीच्या रूपाने घरोघर गेला. आमची आई विहारात जाण्याचे पांढरे लुगडे ज्या निळीतून काढायची, तो रंग आणि अजिंठ्यातला राजेशाही निळा हे एकाच जातीचे. चित्रकारांच्या दुकानात त्याला अल्ट्रामरीन म्हणतात.

परत आलो आणि भिंतीकडचे चित्र वळवले. या वेळी एकट्याने काढायचे नाही असे ठरवले. दर रविवारी मंडळातल्या दोघी-तिघी स्टुडिओत यायच्या. पदर कुठून घ्यायचा, कुंकू केवढे लावायचे, त्या काळी लुगडे नेसून बाई पाटावर कशी बसायची, हे त्यांनी दाखवून दिले. हातांसाठी सहचारिणी समोर बसल्या. पोळ्या लाटून बोटांची पेरे जाड झाली आहेत, ती तशीच काढली. वर्णाचा प्रश्न आला तेव्हा झाडूवाल्या मावशींनी आपला हात कॅनव्हासला लावला आणि म्हणाल्या, "हा रंग काढ."

तो रंग कसा जमला तेही सांगतो, कारण चित्र काढणाऱ्या पोरांना उपयोगी पडेल. आपल्या सावळ्या कातडीत काळा रंग नसतो. काळा घातला की चेहरा मेल्यासारखा होतो, आमचे पहिले चित्र म्हणूनच कोळशासारखे दिसत होते. भाजक्या मातीचा तांबूस रंग, ज्याला बर्न्ट सिएना म्हणतात, तो घ्यावा. त्यात पिवडी घालावी आणि सावलीच्या जागी तोच निळा मिसळावा. तांबूस आणि निळा एकत्र आले की असा गडद, जिवंत रंग होतो की त्याला आतून ऊब असते. पांढरा लागतो फक्त कपाळावर आणि नाकाच्या शेंड्यावर, उजेडाच्या ठिपक्यापुरता. आमच्या वहीत पांढरा कमी झाला तो इथे.

या वेळी रमाईची पाठ ताठ आहे. हात मांडीवर आहेत, कष्टाचे आहेत. डोळे समोर बघतात. ठिगळ काढून टाकले. 25 डिसेंबरला, 1927 साली महाडला मनुस्मृती जाळली त्या दिवशी, जो आपल्या भगिनी स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळतात, ते चित्र विहारात लागले. सगळ्यांनाच आवडले असे म्हणणार नाही. मागून एक आवाज आम्ही ऐकला, "थोडी उजळ पाहिजे होती." पण मावशी चित्रासमोर उभ्या राहिल्या, पदर सारखा केला आणि काही न बोलता खाली सतरंजीवर जाऊन बसल्या. आम्हाला तेवढे पुरे झाले.

आता वर्षाचा हिशेब. बारा महिन्यांत अकरा चित्रे पुरी झाली. खरवडलेली त्याहून अधिक. विकली गेली तीन, त्यांत भाड्याचे चार महिने निघाले, आठ महिने मुलीने भरले. पैशांत पाहिले तर तोटाच आहे. मौज की काम, या प्रश्नाचे उत्तर मात्र मिळाले. रोज ठरल्या वेळी जाऊन बसावे लागते, चुकले तर चार माणसांसमोर ऐकून घ्यावे लागते आणि पुन्हा करावे लागते. म्हणजे ते कामच आहे. नव्या वर्षात आठवड्यातून तीन संध्याकाळी मुलांना चित्रकला शिकवायची असे ठरवले आहे. निम्मे भाडे त्यातून निघावे असा बेत आहे.

मित्रहो, बाबासाहेबांनी आयुष्याच्या उत्तरार्धात, एवढा कामाचा डोंगर डोक्यावर असताना, व्हायोलिन शिकायला घेतले आणि कुंचलाही हातात धरला. मग आपण साठीला टेकलो म्हणून ‘आता काय व्हायचंय’ असे का म्हणावे? आणि आई-वडिलांना एक विनंती. पोरगे वहीच्या मागच्या पानावर चित्रे काढत असेल तर मारू नका. शाळेत चौकशी करा. शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा असतात, त्यांना बसवा. पुढे कलाशिक्षक होता येते, उपयोजित कलेचे शिक्षण घेता येते. घरात तैलरंग वापरत असाल तर टर्पेंटाईन शेगडीपासून लांब ठेवा, आणि जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तो आपोआप तापून पेट घेऊ शकतो. चिंध्या पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. रंगवताना ब्रश तोंडात धरू नका. आम्ही धरायचो, ते चूक होते.

नव्या वर्षाचा पहिला कॅनव्हास ताणून ठेवला आहे. त्यावर आमची आई काढायची आहे. तिचा एकच फोटो घरात आहे, मतदार ओळखपत्रावरचा, नखाएवढा. छपाईत चेहरा इतका काळा झाला आहे की डोळेसुद्धा दिसत नाहीत. पण तिचा रंग आता आम्हाला ठाऊक आहे, आणि निळीची बाटलीभर पूड शेल्फावर आहे. पाठ ताठ ठेवून बसायची ती. सुरुवात तिथूनच करू.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!